नंबर वारंवार बदलतो? बुबुळाचा आकार तपासून घ्या!

मुलगा अकरावीत गेलेला असतो. वर्षभरात चष्म्याचा नंबर दोन-तीनदा बदलतो. नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरे दुहेरी, फिसकटलेली दिसतात. रात्री रस्त्यावरचा एक दिवा तीन-चार दिव्यांसारखा भासतो. घरची मंडळी म्हणतात, ‘अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय!’ पण दरवेळी तसे नसते. हा ‘केरॅटोकोनस’ नावाचा विकार असू शकतो.

डोळ्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक पटल असते. त्यास पारपटल अथवा कॉर्निया म्हणतात. या विकारात ते पातळ होऊन हळूहळू शंकूसारखे पुढे येते. विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो व पुढे काही वर्षे वाढत राहतो. ॲलर्जीची खाज आणि सतत डोळे चोळणे यांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. काही घराण्यांत तो एकापेक्षा अधिक व्यक्तींना आढळतो.

सुरुवातीस चष्म्याने भागते. पुढे पारपटल वेडेवाकडे झाले की चष्मा अपुरा पडतो. मऊ लेन्सही पटलाचाच आकार घेते, म्हणून तिचाही फारसा उपयोग होत नाही. कडक लेन्स मात्र आपला आकार सोडत नाही. तिच्या व पटलाच्या मधल्या जागेत अश्रू भरतात. खडबडीत भिंत गिलाव्याने सारखी व्हावी, तसे हे अश्रू उंचसखलपणा भरून काढतात आणि दृष्टी स्पष्ट होते.

ही कल्पना जुनीच आहे. 1888 मध्ये ॲडॉल्फ फिक यांनी काचेच्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या कडक लेन्समधून प्राणवायू आरपार जातो. शंकू फार वाढला असल्यास डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स देतात.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. लेन्सने दिसू लागते, पण विकार थांबत नाही. तो वाढत असल्यास ‘क्रॉस-लिंकिंग’ करतात. त्यात रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण सोडतात व पटल बळकट करतात. गेलेला आकार त्याने सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून वेळेवर निदान महत्त्वाचे. फारच पुढच्या अवस्थेत नेत्ररोपण करावे लागते.

लेन्स वापरणाऱ्यांनी पुढील काळजी घ्यावी :

• हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच लेन्सला स्पर्श करावा.
• लेन्स नळाच्या पाण्याने अथवा थुंकीने कधीही ओली करू नये. ठरवून दिलेले द्रावणच वापरावे.
• झोपताना लेन्स काढून ठेवावी.
• डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स काढून लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.
• डोळे चोळू नयेत. खाजेवर उपचार घ्यावेत.

पहिले काही दिवस लेन्स टोचल्यासारखी वाटते, हळूहळू सवय होते. मुलाला ‘दिसत नाही’ म्हणून रागावण्यापूर्वी पारपटलाच्या आकाराची तपासणी, म्हणजे टोपोग्राफी, करून घ्यावी.