गर्भवतीची पाहणी

गर्भारपण हा आजार नव्हे, असे आपल्याकडील वडीलधाऱ्या बायका फार पूर्वीपासून सांगत आल्या आहेत, आणि ते खरेच आहे. परंतु त्यातूनच एक अडचण उत्पन्न होते. आजारी मनुष्य आपण होऊन वैद्याकडे जातो. गर्भवती स्त्रीला मात्र आपणास काही झालेले नाही असेच वाटत असते, आणि पुष्कळदा तिचे म्हणणे बरोबर असते. ज्या थोड्या स्त्रियांच्या बाबतीत ते बरोबर नसते त्या कोणत्या, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. रक्तदाब वाढू लागला तरी आरंभी काही दुखत नाही. रक्त हळूहळू कमी होत गेले म्हणजे शरीर त्या उणिवेची सवय करून घेते. रक्तातील साखर वाढली तर तिचा बहुधा मागमूसही लागत नाही. म्हणून निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला ठराविक वेळी पाहावयाचे, तिची मापे घ्यावयाची आणि ती लिहून ठेवावयाची, ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगभर रूढ होत गेली. हे काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरांच्या आधी परिचारिका करते.

या कामाला मराठीत नेमके काय म्हणावे, हा प्रश्न आहे. ‘परीक्षा’ म्हटले की शाळा डोळ्यांपुढे उभी राहते. ‘तपासणी’ म्हटले की केवळ यंत्रे आणि सुया आठवतात. परिचारिका तपासते, पण त्याबरोबरच ती विचारते, ऐकते, न्याहाळते आणि मागील नोंदींशी ताडून पाहते. या सर्वांना सामावून घेणारा ‘पाहणी’ हा साधा शब्द येथे योजला आहे.

आपल्या देशात या कामाचा इतिहास पाहावयाचा तर मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या शहराकडे वळावे लागते. तेथील प्रसूतिगृह १८४४ साली सुरू झाले. तेच पुढे एग्मोर भागातील स्त्रिया व बालकांचे सरकारी रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले. एका बॅरिस्टरची पत्नी म्हणून मद्रासला आलेल्या मेरी शार्लीब या इंग्रज बाईंना असे दिसून आले की, पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्या प्रथम सुईणीचे काम शिकल्या, आणि १८७५ साली मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळालेल्या चार स्त्रियांपैकी एक झाल्या. १८८५ साली त्यांच्या प्रयत्नाने मद्रासेत स्त्रियांसाठी वेगळे रुग्णालय निघाले. ते ‘कास्ट अँड गोषा हॉस्पिटल’ या नावाने ओळखले जाई. आज त्याला कस्तुरबा गांधींचे नाव आहे. याच सुमारास, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या. दोघींच्या मार्गांत हजारो मैलांचे अंतर होते, पण ज्या उणिवेने त्यांना घराबाहेर काढले ती एकच होती.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळू. पहिल्या भेटीत परिचारिका उपकरणाला हात लावण्यापूर्वी विचारपूस करते. किती वेळा दिवस राहिले, किती मुले जन्मली, किती जगली, गर्भपात झाला होता काय, मागील बाळंतपणी रक्त फार गेले होते काय, झटके आले होते काय, शस्त्रक्रिया करावी लागली होती काय, घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे काय, हे तिला जाणून घ्यावयाचे असते. यांतील काही प्रश्न सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारले तर खोटे उत्तर मिळण्याचा संभव असतो. म्हणून चतुर परिचारिका सोबतच्या माणसांना काही निमित्ताने बाहेर बसविते आणि मग बोलते. चेन्नईकडे ती समोरच्या स्त्रीला, मग ती वयाने धाकटी का असेना, ‘अम्मा’ म्हणून संबोधते; आपल्याकडे ‘ताई’ किंवा ‘बाई’ म्हणतात. संबोधनाने अर्धा संकोच दूर होतो.

यानंतर तारखेचा प्रश्न येतो. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळविले म्हणजे बाळंतपणाची अंदाजी तारीख निघते. हा नियम जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो. पाळी १० जूनला आली असेल तर अंदाजी तारीख १७ मार्च. हिशेब सोपा आहे, पण पुष्कळ स्त्रियांना तारीख आठवत नाही, सण आठवतो. तमिळ स्त्री ‘पोंगलच्या आधी चार दिवस’ असे सांगते. पोंगल सूर्याच्या गतीवर चालतो आणि दरवर्षी जानेवारीच्या मध्यावरच येतो, त्यामुळे तिचे उत्तर लगेच तारखेत बसविता येते. आपली मराठी स्त्री ‘गौरी जेवल्या त्या दिवशी’ असे म्हणते, आणि गौरी तर चंद्राच्या तिथीवर चालतात. एखाद्या वर्षी त्या ऑगस्टअखेरीस येतात, अधिक महिना झाला तर सप्टेंबराच्या मध्याच्याही पुढे जातात. तेव्हा परिचारिकेजवळ त्या वर्षाचे पंचांग असणे हा थट्टेचा विषय नाही. तारीख तीन आठवड्यांनी चुकली तर नीट वाढणारा गर्भ खुरटलेला वाटतो आणि खुरटलेला गर्भ ठीक वाटतो.

उंची आणि वजन यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १४५ सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या स्त्रीचा कटिभाग अरुंद असण्याचा संभव अधिक, म्हणून तिच्या बाळंतपणाची सोय मोठ्या रुग्णालयात करावी. संपूर्ण गर्भारपणात साधारण ९ ते ११ किलो वजन वाढणे इष्ट. एकाच आठवड्यात ते एकदम चढले तर ते बाळसे नव्हे, अंगात साठलेले पाणी असू शकते.

येथून आपण सर्वांत धोक्याच्या विषयाकडे येतो. काही गर्भवतींच्या बाबतीत विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढू लागतो, लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात, आणि उपाय झाला नाही तर आकडीसारखे झटके येऊन आई व मूल दोघांचाही जीव जाऊ शकतो. झटका येण्यापूर्वी डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटाच्या वरच्या भागी कळ येणे ही लक्षणे कधी दिसतात, कधी दिसतही नाहीत. म्हणून रक्तदाबाचे माप प्रत्येक भेटीत घ्यावयाचे. त्यातही पद्धत आहे. चालून आलेल्या स्त्रीला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. दंड हृदयाच्या पातळीत आणावा. पट्टा दंडाच्या मानाने योग्य मापाचा असावा, कारण जाड दंडावर अरुंद पट्टा बांधला तर आकडा उगीच चढा येतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० भरला तर चार तासांनी माप पुन्हा घ्यावयाचे.

लघवीतील प्रथिने आता रंग बदलणाऱ्या पट्टीने क्षणात कळतात. तथापि जुनी रीत शाळेतील विद्यार्थ्यांना समजण्याजोगी आहे. परीक्षानळी दोनतृतीयांश भरून तिचा वरचा भाग ज्योतीवर तापवितात. गढूळपणा आला तर त्यात अॅसेटिक आम्लाचे काही थेंब टाकतात. गढूळपणा विरघळला तर तो फॉस्फेटांचा होता. टिकून राहिला तर तो प्रथिनांचा. अंड्याचा पांढरा बलक तापला की घट्ट होतो, तोच हा गुण. नळीचा खालचा भाग न तापविता ठेवतात, तो तुलना करता यावी म्हणूनच.

रक्तक्षयाची पाहणी डोळ्यांच्या खालच्या पापणीपासून सुरू होते. मग जीभ, नखे, तळहात. परंतु डोळ्यांचा अदमास फसवा असतो, म्हणून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन मोजावे लागते. गर्भवतीत ते १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी असले तर रक्तक्षय, आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असले तर गंभीर रक्तक्षय समजतात. या प्रश्नाच्या उलगड्यात मुंबई आणि मद्रास या दोन्ही शहरांचा वाटा आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज संशोधक मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करण्यास आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब गर्भवतींमध्ये त्यांना असा रक्तक्षय आढळला की, ज्यात रक्तपेशी लहान होण्याऐवजी नेहमीपेक्षा मोठ्या झालेल्या असत. रोगजंतू हे कारण नव्हे. कारण आहारात आहे, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले. यीस्टपासून केलेला मारमाइट नावाचा स्वस्त अर्क दिला की स्त्रिया बऱ्या होत. १९३१ साली विल्स यांनी हे प्रसिद्ध केले, आणि त्याच सुमारास त्यांनी मद्रासच्या कास्ट अँड गोषा रुग्णालयातही काम केले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते हे तेव्हा कळले नव्हते. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. पुढे विल्स यांचे द्रव्य तेच असल्याचे ठरले. आज प्रत्येक गर्भवतीच्या हाती लोहाबरोबर जी गोळी पडते, तीत ते असते. गोळीने तोंड कडू होते, शौच काळे होते, म्हणून पुष्कळजणी ती डब्यात साठवून ठेवतात. ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर ठरलेले असते, ‘किती उरल्या?’ असे विचारले तर खरे कळते.

साखरेच्या तपासणीची एक सोपी रीतही चेन्नईची देणगी आहे. उपाशीपोटी येण्याचा आग्रह धरला तर लांबून आलेली स्त्री दुसऱ्यांदा येतच नाही, हे तेथील मधुमेहतज्ज्ञ व्ही. शेषय्या यांनी ओळखले. जेवलेली असो वा नसो, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावयाचे आणि दोन तासांनी रक्त पाहावयाचे. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली तर गर्भारपणातील मधुमेह समजावयाचा. ही रीत भारत सरकारने स्वीकारली आहे. पहिल्या भेटीत ही परीक्षा करतात. ती निर्दोष निघाली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करतात.

पोटाची पाहणी हातांनी होते. त्यापूर्वी स्त्रीने लघवी करून यावे, नाहीतर भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय उंच भासते. परिचारिका आपले हात चोळून ऊबदार करते, कारण थंड हाताने पोट आखडते. बाराव्या आठवड्यास गर्भाशय जघनास्थीच्या जरा वर लागते, चोविसाव्यास बेंबीपाशी, आणि छत्तिसाव्यास छातीच्या हाडाच्या टोकाशी पोचते. चोविसाव्या आठवड्यानंतर मोजपट्टीने घेतलेली उंची सेंटिमीटरांत जवळजवळ आठवड्यांइतकीच भरते. मग चार पकडींनी गर्भाची ठेवण पाहावयाची. डोके टणक, गोल आणि दोन हातांत झेलल्यासारखे हलते. कुल्ले मऊ आणि रुंद लागतात. पाठ एका बाजूस सलग, तर हातपाय दुसऱ्या बाजूस उंचसखल. जिकडे पाठ, तिकडे नळी लावली की ठोके स्पष्ट ऐकू येतात. मिनिटाला साधारण ११० ते १६० ठोके असावेत.

आता एका चालीविषयी लिहिणे प्राप्त आहे. तमिळ घरांतून गर्भवतीचा ‘वळैकाप्पु’ म्हणजे बांगड्या भरण्याचा समारंभ होतो आणि त्यानंतर ती माहेरी जाते. आपल्या डोहाळजेवणाचे आणि बाळंतपणासाठी माहेरी जाण्याचे ते जवळचे भावंड आहे. चाल मायेची आहे. मुलीला विसावा मिळतो. पण रक्तदाब वाढण्याचा धोका ज्या शेवटच्या महिन्यांत अधिक असतो, नेमक्या त्याच महिन्यांत ती गाव बदलते, आणि तिला इतके दिवस पाहणारी परिचारिका मागे राहते. म्हणून माता व बालकाचे कार्ड बांगड्यांबरोबर पिशवीत गेले पाहिजे. तमिळनाडूत प्रत्येक गर्भवतीची सरकारी संगणकावर नोंद करून तिला क्रमांक देतात, तो याच गरजेतून. समजा, माहेरच्या दवाखान्यात बत्तिसाव्या आठवड्यास तिचा रक्तदाब १३०/८४ आला. हा आकडा एकटा पाहिला तर कोणी भुवई उंचावणार नाही. पण कार्डावर दहाव्या आठवड्याचा आकडा १००/६० आहे, विसाव्याचा १०४/६४ आहे, आणि हातातील बांगड्या आता उतरत नाहीत असे ती हसत हसत सांगते आहे. एवढ्यावर रोगाचे निदान होत नाही. परंतु ही परिचारिका तिला महिन्याने न बोलाविता तिसऱ्या दिवशी बोलाविते, लघवी आजच तपासते, आणि डोके दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर रात्रीसुद्धा निघून यावे, हे तिला आणि तिच्या आईला, दोघींनाही, समजावून सांगते.