कॅल्शियमने रक्तवाहिन्या कडक होतात का?

चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला आलेली मंडळी जाता जाता दवाखान्यातही डोकावतात. अशाच एका आजीबाईंनी सात महिन्यांच्या गरोदर सुनेला पुढे करून विचारले, "डॉक्टरसाहेब, कॅल्शियमच्या गोळ्यांनी नसा कडक होतात म्हणे. म्हणून हिला घेऊ दिल्या नाहीत." सुनेचा रक्तदाब १४०/९० निघाला. लघवी तपासून तिला त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवावे लागले.

कडक झालेल्या रक्तवाहिनीत कॅल्शियमचे थर आढळतात, हे खरे. पण मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, मूत्रपिंडाचे विकार यांनी रक्तवाहिनीची भिंत खराब झाली की ते साचतात. ताटातल्या दुधा-तिळाने नव्हे.

उलट रक्तवाहिनीचे आकुंचन आणि प्रसरण कॅल्शियमवरच चालते. आहारात ते कमी पडले की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढतो. हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढले जाते, रक्तवाहिन्यांच्या स्नायूंचा ताण वाढतो व रक्तदाब चढू शकतो. गरोदरपणी हाच दाब वाढून झटके येण्याचा धोका असतो. जेथे आहारात कॅल्शियम कमी, तेथे गोळ्यांनी हा धोका घटतो. म्हणूनच सरकारी आरोग्य केंद्रातून चौथ्या महिन्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या देतात. मात्र हा प्रतिबंध आहे. चढलेल्या रक्तदाबाचे औषध नव्हे.

मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तीससुद्धा नसते. पेलाभर दुधात सुमारे २४०, दोन चमचे तिळात शंभरावर, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास आणि तेवढ्याच शेवग्याच्या पाल्यात तीनशेवर असते. घरचे सगळे दूध डेअरीला घालून सुनेला कोऱ्या चहावर ठेवू नये. भाकरीसोबत तिळाची चटणी, ताक, पाल्याची भाजी असावी.

गोळी जेवणानंतर घ्यावी. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. दोन तासांचे अंतर ठेवावे. इतरांनी, विशेषतः मुतखडा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत.

गरोदर स्त्रीचे डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा सुजला असेल तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.