मागल्या दाराचे कुलूप

आमच्या आजोळचे घर जुने, चिऱ्यांच्या भिंतींचे व मंगळुरी कौलांचे होते. एके वर्षी मामांनी पुढच्या दाराला नवे, भक्कम कुलूप आणून लावले. मागल्या दाराचे गंजके कुलूप मात्र तसेच राहू दिले. त्याच्या किल्ल्या गड्यामाणसांपाशी व शेजाऱ्यांपाशीही होत्या. कोणाची गैरसोय कशाला करावी, असा मामांचा सरळ विचार होता. त्याच पावसाळ्यात एका रात्री न्हाणीघरातील तांब्याचे भाण चोरीस गेले. चोराने नव्या कुलपाला हातदेखील लावला नव्हता. आजी एवढेच म्हणाली, “पुढचे दार राखलेस, बाबा, मागच्याचे कोणी पाहायचे?”

संगणकाच्या जगातही मागल्या दाराची अशीच कथा घडून गेली आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी ती समजून घ्यावी म्हणून हा लेख.

ईमेल वाचण्याच्या प्रोग्रामला आपली पत्रे सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकाकडून आणावी लागतात. तत्पूर्वी, पत्रे मागणारा तोच खरा मालक आहे, अशी ओळख पटवावी लागते. ओळख पटविण्याच्या या कामासाठी प्रोग्राम लिहिणारे बहुधा तयार ‘लायब्ररी’ वापरतात. लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकांचे दालन नव्हे. दुसऱ्यांनी एकदा नीट लिहून ठेवलेल्या आणि कोणत्याही प्रोग्रामला उसन्या घेता येणाऱ्या आज्ञांचा तो संच होय.

अशीच एक नामांकित पद्धती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., या संस्थेत जन्मास आली. तेथे १९८३ साली ‘अथीना’ नावाचा प्रकल्प सुरू झाला व शेकडो संगणक तारांनी जोडले गेले. विद्यार्थ्याचा पासवर्ड त्या तारांवरून उघडा धावला, तर वाटेत कोणीही तो टिपून घ्यावा, अशी अडचण उभी राहिली. तिच्यावर काढलेल्या तोडग्याचे नाव ‘कर्बरॉस’. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारी बसणारा हा तीन तोंडांचा कुत्रा. आपल्या वेदांतही यमाच्या वाटेवर राखण करणारे चार डोळ्यांचे दोन श्वान आहेतच.

कर्बरॉसची युक्ती मोठी सुबक आहे. मध्यवर्ती सर्व्हर विद्यार्थ्याकडे एक बंद चिठ्ठी पाठवितो. ती केवळ त्याच्या पासवर्डापासून बनणाऱ्या किल्लीनेच उघडते. ज्याला ती उघडता आली, त्याला काही तासांच्या मुदतीचे तिकीट मिळते व ते दाखवून पत्रे घेता येतात. पासवर्ड तारेवरून जातच नाही. या पद्धतीची चौथी आवृत्ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस जगापुढे आली. १९९४ साली ईमेलच्या नियमांत तिला स्थान मिळाले, आणि ‘इव्होल्यूशन’सारख्या पत्रप्रोग्रामांत तिची सोय ठेवण्यात आली.

परंतु या कुलपाची किल्ली एकाच घडणीची होती. चौथी आवृत्ती १९७७ साली मान्य झालेल्या ‘डी.ई.एस.’ या गूढलेखन-पद्धतीशी जखडलेली होती. तिच्या किल्लीची लांबी ५६ बिटे, म्हणजे शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या सुमारे ७२ वर १५ शून्ये. एके काळी ही संख्या अफाट वाटे. पुढे १९९८ साली याच कामासाठी बांधलेल्या एका यंत्राने ५६ तासांत किल्ली शोधून काढली. १९९९च्या जानेवारीत तेच यंत्र व इंटरनेटवरील हजारो संगणक यांनी मिळून हे काम २२ तास १५ मिनिटांत केले. २००३ साली खुद्द एम.आय.टी.ने इशारा दिला की, चौथ्या आवृत्तीच्या रचनेतच असा दोष आहे की तिच्यातून शत्रूला दुसऱ्या कोणाचेही सोंग घेता येईल.

सुधारलेली पाचवी आवृत्ती तर १९९३ सालीच प्रसिद्ध झाली होती. तिच्यात गूढलेखनाची पद्धती बदलण्याची सोय मुळातच होती. तरीही चौथी लगेच गेली नाही. २००६ साली तिची अखेर जाहीर झाली आणि २००९ साली एम.आय.टी.ने आपल्या लायब्ररीतून ती काढून टाकली. सोळा वर्षे दोन्ही दारे शेजारी शेजारी उघडी राहिली होती!

मूळ लायब्ररीच गेल्यावर पत्रप्रोग्रामांतील तिच्यासाठीच्या ओळी ओस पडल्या. “चौथी आवृत्ती उपलब्ध असेल तर हा भाग घ्यावा,” अशा धर्तीच्या त्या ओळी. राहू द्याव्यात, खातात काय, असे कोणासही वाटेल. पण त्या खरोखरच खातात. त्यांची परीक्षा घेणारा सर्व्हर मिळत नाही, म्हणून त्यांतील चुका कोणास दिसत नाहीत. प्रोग्राममध्ये काहीही बदलले तरी त्यांची मर्जी सांभाळावी लागते. आणि पर्यायांच्या यादीत ते नाव दिसले की अजाण मनुष्य तेच निवडून बसतो. म्हणून इव्होल्यूशनच्या कर्त्यांनीही त्या ओळी काढल्या.

तथापि काढणे म्हणजे सरसकट खोडणे नव्हे. समजा, एखाद्याच्या संगणकात जुनीच पद्धत नोंदलेली आहे. ती सापडेना, म्हणून प्रोग्रामने गुपचूप उघडा पासवर्ड धाडण्यास आरंभ केला, तर सुरक्षिततेसाठी केलेला बदलच घातक ठरेल. विवेकी लेखक अशा वेळी प्रोग्रामला थांबवितो, “ही पद्धत आता बंद आहे, दुसरी निवडा,” असे वापरणाऱ्यास स्पष्ट सांगतो, आणि बदलाची सूचना आधीच प्रसिद्ध करतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. चौथ्या आवृत्तीला हिणविण्याचे कारण नाही. तिने आपल्या काळी चोख राखण केली. तिची तिकिटाची कल्पना पाचव्या आवृत्तीत आजही नांदत आहे, आणि विंडोज २००० पासून असंख्य कचेऱ्यांचे संगणक तिच्यावरच विसंबून आहेत. थकलेल्या पहारेकऱ्याला वेळेवर निवृत्त करण्यात त्याचा अपमान नसतो. त्याला डोळे अधू झाल्यावरही रात्रपाळीस उभे करण्यात मात्र घराचा घात असतो.

चोरीनंतर मामांनी मागल्या दारालाही नवे कुलूप लावले. पण त्याआधी ज्यांच्यापाशी जुनी किल्ली होती, त्या प्रत्येकाच्या दारी ते स्वतः गेले, आणि ज्यांचे खरेच येणेजाणे होते त्यांच्या हाती नवी किल्ली देऊन आले. कुलूप बदलण्यास त्यांना घटकाभर पुरली; या फेरीला दोन दिवस लागले. आमचे जे विद्यार्थी उद्या प्रोग्राम लिहितील, त्यांनी मामांचे ते दोन दिवस विसरू नयेत.