वाटीभर दाणे म्हणजे किती ग्रॅम?

मधुमेह, हृदयविकार किंवा वाढलेले वजन असलेल्या रुग्णांना दाणे, बदाम, काजू यांचे प्रमाण ग्रॅममध्ये सांगितले जाते. घरात मात्र माप असते वाटीचे, मुठीचे किंवा चमच्याचे. त्यामुळे सल्ला पाळूनही बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट खाल्ले जाते.

आपल्याकडे ही सवय जुनी आहे. चिपटे, मापटे, अधोली, पायली ही सर्व भरून मोजायची मापे. १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. दुकानातील व्यवहार किलो-ग्रॅमवर गेला, पण स्वयंपाकघरात वाटीच राहिली.

वाटी का फसवते?

वाटीत दाण्यांबरोबर हवाही भरली जाते. वेड्यावाकड्या अक्रोडात पोकळी जास्त, म्हणून वजन कमी. कुटाचे तर विचारूच नका. भुरभुरून भरलेली वाटी हलकी, दाबून भरलेली बरीच जड. शिवाय प्रत्येक घरची वाटी वेगळी.

१५० मिलिलिटर पाणी मावणारी वाटी सपाट भरली, तर साधारण वजन असे येते :

शेंगदाणे – ९० ग्रॅम
बदाम – ९० ग्रॅम
काजू – ८५ ग्रॅम
अक्रोडाचे अर्धे गर – ६० ते ६५ ग्रॅम

हिशेब काय सांगतो?

१०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ५६५ कॅलरी, ४९ ग्रॅम स्निग्धांश आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे वाटीभर दाण्यांत ५०० कॅलरी झाल्या. एवढी ऊर्जा साधारण पाच मध्यम फुलक्यांतून मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात दाणे, सुकामेवा व तेलबिया मिळून ३५ ग्रॅम सुचवले आहेत. वरील वाटीने मोजले तर हे प्रमाण अर्ध्या वाटीपेक्षाही कमी भरते.

श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र या दिवसांत याचा विसर पडतो. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, जोडीला दाण्याची आमटी, वर दाण्याचा लाडू! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात न मोजलेले कूट पडले की 'हलका' उपवास रोजच्या जेवणापेक्षा जड होतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे.

घरची वाटी अशी तपासा

वजनकाटा नसला तरी चालेल. दाण्यांचे २५० ग्रॅमचे सीलबंद पाकीट आणा. रोजची वाटी न दाबता, सपाट भरून पाकिटात किती वाट्या होतात ते मोजा. २५० ला त्या संख्येने भागा. अडीच वाट्या झाल्या, तर एक वाटी १०० ग्रॅमची. मग तेच दाणे भाजून, कुटून पुन्हा मोजा. कुटाच्या वाटीचाही अंदाज येईल. भाजताना व सोलताना वजन थोडे घटते, पण रोजच्या वापरात तेवढा फरक चालतो. दोन्ही आकडे डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

चौघांच्या खिचडीत ८० ग्रॅम कूट घातले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २० ग्रॅम येते. दिवसाच्या ३५ ग्रॅमपैकी १५ उरतात. लाडू खायचा की आमटी, हे त्यातच ठरवावे.

दाणे वाईट नाहीत. त्यांतील बरेचसे स्निग्धांश हृदयाला हितकर आहेत. म्हणून ते बंद करू नका, मोजून खा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र स्वतःचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.