वर्गात परतलेल्या मुलाकडून काय मागावे?

अभ्यासाचा शास्त्रभाग : फिलेमोन, वचने ८ ते २२

पौलाच्या पत्रांत फिलेमोनास लिहिलेले पत्र सर्वांत लहान, अवघ्या २५ वचनांचे. धन्यापासून दुरावलेला अनेसिम हा दास पौलाच्या बंदिवासात विश्वासात आला आणि पौलाने त्याला परत धन्याकडे धाडले. या पत्रावर होणारी प्रवचने बहुधा क्षमेवर असतात. आज आपण ते शाळेच्या संदर्भात वाचणार आहोत. गेल्या ५० वर्षांत 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस', म्हणजे पुनःस्थापनेचा न्याय, या नावाने जो विचार न्यायालयांतून शाळांत शिरला, त्याचा एक उगम ख्रिस्ती मंडळीतच आहे.

१९७४ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा या गावी दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली. मार्क यान्त्झी हे मेनोनाइट पंथाचे गृहस्थ तेथे प्रोबेशन अधिकारी होते. या दोघांना ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारी नेऊन समोरासमोर उभे करावे, अशी सूचना न्यायाधीशांपुढे मांडली गेली व ती मान्य झाली. काही महिन्यांत तरुणांनी भरपाईही केली. पुढे हॉवर्ड झेर या मेनोनाइट अभ्यासकाने १९९० साली 'चेंजिंग लेन्सेस' या ग्रंथात या विचाराची मांडणी केली. गुन्हा हा प्रथम माणसाला पोहोचलेली इजा होय. म्हणून कोणता नियम मोडला, एवढेच न विचारता कोण दुखावले आणि ते भरून काढण्याचे दायित्व कोणावर, हे विचारावे, असा त्याचा आशय आहे.

अमेरिकेच्या सरकारी शाळांत त्याच सुमारास वारे अगदी उलट दिशेने वाहत होते. (तेथे 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी शाळा, आपल्याकडील भरमसाट शुल्काची 'पब्लिक स्कूल' नव्हे.) १९९४ च्या कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास किमान एक वर्ष काढून टाकणे बंधनकारक केले. हेतू समजण्यासारखा होता. परंतु हीच कठोरता पुढे उद्धट उत्तराला आणि मधल्या सुटीतील मारामारीलाही लागू होऊ लागली आणि तिचा फटका कृष्णवर्णीय मुलांना फार मोठ्या प्रमाणात बसला. निलंबित मुलाचा धडा बुडतो. परतल्यावर पुढचा धडा कळत नाही. न कळणाऱ्या तासाला बसलेले मूल पुन्हा काही उपद्व्याप करते आणि पुन्हा घरी जाते.

हे चक्र तोडण्यासाठी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे फानिया डेव्हिस या वकील महिलेने २००५ मध्ये एक संस्था स्थापन केली, आणि २०१० मध्ये तेथील शाळामंडळाने हा न्याय धोरण म्हणून स्वीकारला. ज्याने दुखावले, जो दुखावला गेला, शिक्षक व पालक असे सारे गोलाकार बसतात. काय घडले, कोणाला काय सोसावे लागले, आता काय केल्याने ते सावरेल, असे प्रश्न प्रत्येकाला विचारले जातात. यात अपराध्याला सूट नसते. उलट ज्याला लागले त्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे हे घरी चार दिवस बसण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते.

मात्र येथे एक गोष्ट या विचाराच्या मित्रांनीच मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पिट्सबर्ग शहरातील ४४ सरकारी शाळांत २०१५ ते २०१७ या दोन शैक्षणिक वर्षांत याची कसून परीक्षा झाली. निम्म्या शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून त्यांत हा उपक्रम राबविला गेला. रँड संस्थेचा अहवाल २०१८ च्या अखेरीस आला. निलंबनाचे दिवस घटले आणि शाळेतील वातावरण सुधारल्याचे शिक्षकांनी सांगितले. परंतु अभ्यासातील प्रगती वाढली नाही आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत ती मागेच पडली. तेवढ्यावरून समेटाचा मार्ग टाकून द्यावा असे मी मानीत नाही. गोलात बसल्याने मूल वर्गात राहते. पण त्या वर्गात त्याच्यापुढे कोणते पुस्तक उघडले जाते, हे त्या गोलात ठरत नाही. आणि 'बिचारा, आधीच त्रासलेला आहे, याच्याकडून फार मागू नये' अशी दया शिक्षकाच्या मनात शिरली, तर ती निलंबनाइतकीच घातक ठरते. तिचा आवाज होत नाही, एवढेच.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफील्ड हायस्कूलचे उदाहरण येथे आठवते. गरीब, मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची ही शाळा. बोलिव्हियाहून आलेले शिक्षक हायमे एस्कलांते यांनी तेथील मुलांना कॅल्क्युलस शिकविण्याचा ध्यास घेतला. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला १४ जणांविषयी संशय आला. त्यांपैकी १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही उत्तीर्ण झाले. या गुरुजींची अपेक्षा फळ्यावर लिहिलेल्या सुवचनासारखी नव्हती. शाळेच्या वेळेबाहेरचे तास घेऊन तिची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली, तर १६ व्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. काढून टाकण्याची मनाई कायम राहिली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या, म्हणजे आपल्या मिशन शाळाही. तेव्हा नापास व खोडकर मुलाच्या हाती दाखला ठेवून निकालाची टक्केवारी राखण्याचा मोह झाल्यास आपल्या शाळांना आवरणार कोण? इंदूर असो, हैदराबाद असो वा अहिल्यानगर, मंडळीच्या शाळासमितीवर बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न बैठकीत विचारावा.

आता पुन्हा पत्राकडे वळू. पौल हानी नाकारीत नाही. अनेसिमाचे काही देणे असेल तर ते आपल्या नावे मांडावे, असे तो १८ व्या वचनात लिहितो व भरपाईची हमी स्वहस्ताक्षराने देतो. पूर्वी निरुपयोगी ठरलेल्याला तो ११ व्या वचनात उपयोगी म्हणतो. हे नुसते सांत्वन नव्हे. आता त्याच्या हातून काम होणार, ही खात्री त्यात आहे. २१ व्या वचनात तो फिलेमोनाकडूनही सांगितल्यापेक्षा अधिक अपेक्षितो. म्हणजे परतणारा आणि परत घेणारा, दोघांचीही पायरी तो एकाच पत्रात वर नेतो.

आणि लगेच २२ व्या वचनात स्वतःसाठी उतरण्याची जागा तयार ठेवण्यास सांगतो. पत्र धाडून तो मोकळा होत नाही. काय झाले ते पाहायला येण्याची त्याची इच्छा आहे. शाळांतील समेटाच्या बैठकीनंतरही काही आठवड्यांनी पुन्हा एकत्र बसण्याची रीत आहे. कबूल केलेली भरपाई झाली की नाही, ते त्या वेळी पाहतात. त्याच बैठकीत मुलाची गणिताची वहीही मागवून घ्यावी, ती त्याच्यासमोर उघडावी आणि राहिलेले धडे कोण, कोणत्या वारी शिकविणार, हे तेथेच लिहून ठेवावे.