बाभळीचे काटे आणि हवेची बोट

हे मी रागातच लिहितोय. खरेदीआधी बोटीच्या दुकानदाराला मी दोनच प्रश्न विचारले होते. धरणाच्या फुगवट्यात बाभळी बुडालेल्या आहेत, तिथे ही हवेची बोट टिकेल का? आणि सोबतचं जॅकेट पोहता न येणाऱ्याला तरंगत ठेवेल ना? दोन्हींचं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी आहे : ‘बिनधास्त न्या सर, फाटायचा प्रश्नच नाही.’

खडकपूर्णाचं संत चोखासागर धरण ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या उघड्या जमिनीवर वेडी बाभूळ माजते, आणि धरण भरलं की ती आहे तशी पाण्याखाली जाते. मला गळाने धरायची ती मरळ नेमकी तिथेच दबा धरून असते. ती हवा घ्यायला वर येते, झुडपापाशी पाण्यावर एक गोल उमटतो, त्याच्या जरा पुढे रबरी बेडूक टाकून तो त्या जागेवरून ओढत आणायचा. म्हणजे बोट काट्यांतच न्यावी लागणार. हे सगळं त्याला सांगून, समजावून मी पैसे दिले होते.

झुडपांत शिरल्यावर काटा कधी घुसला ते कळलंच नाही. आधी बुडाखाली गार लागलं, मग डावा फुगा हाताला मऊ लागायला लागला. ‘दोन स्वतंत्र कप्पे’ म्हणून विकलेल्या बोटीचे कप्पे आतून एकच निघाले, कारण डावा बसला तसा उजवाही बसत गेला. सोबत आलेला माझा भाचा पाण्यात पडला. पहिल्याच हिसक्याला त्याच्या जॅकेटची कमरेची क्लिप तुटली, जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं आणि पोरगं खाली. जवळच भोई मंडळी थर्माकोलच्या तराफ्यांवरून जाळी काढत होती, त्यांनी आम्हा दोघांना ओढून काढलं. त्यांच्यातले एक काका काठावर आल्यावर म्हणाले, ‘भाऊ, थर्माकोलात शंभर काटे घुसले तरी ते बुडत नाही. तुमच्या फुग्याले एक काटा पुरते.’

पण खरा संताप आला तो घरी. जॅकेट दोरीवर वाळत घातलं होतं. संध्याकाळी उलटं केलं, तर आतल्या शिवणीत नखाएवढी पांढरी चिठ्ठी, इंग्रजीत, मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत : हे जीवरक्षक साधन नाही. मी ती दोनदा वाचली. मग ब्लेडने शिवण उसवली. आत गादीत असतो तसल्या स्पंजचे तुकडे होते, आणि मुठीत पिळले की त्यातून पाणी गळत होतं. ही वस्तू त्या माणसाने माझ्या भाच्याच्या मापाची म्हणून विकली होती!

फोन केला तर म्हणतो, ‘काटा लागला ना, मग वॉरंटी नाही.’ जॅकेटचं काय? ‘ते फ्री होतं सर.’ मग फोटो मागितले. ते पाठवले, तर बोट मूळ खोक्यात घालून कुरिअर करा म्हणाला. त्यानंतर फोन उचलणं बंद.

आम्ही वाचलो, सगळे वाचत नाहीत. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटली, सहा जण गेले. 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव बुडाली, अकरा जण गेले. एवढं होऊनही असली जॅकेटं दुकानात टांगलेली दिसतात.

तेव्हा जॅकेटवर न्यूटनचा आकडा शोधा. 50 न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोची उचल, ती चांगलं पोहणाऱ्यासाठी आणि काठाजवळ. पोहता येत नसेल तर 100 किंवा त्याहून जास्त घ्या. आकडाच नसेल तर ते जॅकेट नव्हे, कपडा आहे. छातीभर पाण्यात, दोघं सोबत असताना, ते घालून पाय उचलून बघा. वर सरकत असेल तर मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. बोटीचा एकच कप्पा भरा आणि दुसरा आपोआप फुगतो का ते पाहा. दुपारच्या उन्हात काठावर गच्च हवा भरू नका, शिवण ताणते. आणि गार पाण्यात गेल्यावर तीच बोट सैल पडते, म्हणून पाण्यात टेकवल्यावर हवा पुन्हा पाहा. बुडालेल्या बाभळींत मात्र हवेची बोट नकोच. काठावरून खेळा, नाहीतर मच्छीमार संस्थेच्या माणसाला पैसे देऊन त्याच्या नावेत बसा. तसंही धरणाचा मासेमारीचा ठेका सहसा अशा संस्थेकडे असतो, तिला विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

बोटीसोबत दिलेला गळांचा ‘बास सेट’ही बिनकामाचा. बास हा अमेरिकेतला मासा, आपल्या धरणांत तो नाही. त्या सेटमधल्या तीन तोंडांच्या गळांनी मरळ कमी आणि फांद्याच जास्त धरल्या. दोरी इतकी बारीक की झुडपातून मासा ओढताच तुटायची. मरळीसाठी पाठीला चिकटलेल्या दोन गळांचा पोकळ बेडूक, 40-50 पौंडांची विणलेली दोरी आणि ताठ काठी घ्या. मरळीचं तोंड हाडाचं असतं, गळ नखावर घासून पाहा, घसरला तर धार लावा. झडप घातल्यावर क्षणभर थांबून मग झटका द्या. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर आईबाप खाली राखणीला असतात, त्यांना सोडून द्या.

फसलात तर गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, दुकान कुठल्याही शहरात असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल, चॅटिंग आणि ती नखाएवढी चिठ्ठी जपून ठेवा.

माझा दावा बुलडाण्यात दाखल आहे. परवा त्या दुकानदाराचा निरोप आला, तक्रार मागे घ्या, दुसरी बोट पाठवतो. मी विचारलं, तिचे कप्पे वेगळे आहेत का? उत्तर नाही. तक्रार मागे घेणार नाही, हे मी त्याला लेखी कळवलंय.