तद्विद्यसंभाषा, समाजमाध्यमे आणि औषधधोरण : गुडूचीच्या वादाचा अभ्यास

चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. आज ही संभाषा बहुतांशी भ्रमणध्वनीवरील वैद्यगटांत चालते. करमाळ्याहून सोलापूरचे शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय गाठावयाचे तर दिवस मोडतो. त्यामुळे आमच्यासारख्यांना या गटांचा आधार वाटतो, हे प्रथमच मान्य करतो. परंतु तेथील अनुभव शासनाच्या धोरणापर्यंत पोहोचतात काय, हा प्रश्न आहे. त्यासाठी गुडूचीचे उदाहरण पाहू.

करोनाच्या पहिल्या लाटेत आयुष मंत्रालयाने घरगुती काढ्यासाठी तुळस, दालचिनी, सुंठ व काळी मिरी सुचविली होती. गुडूचीचा समावेश ६ ऑक्टोबर २०२० च्या राष्ट्रीय चिकित्सा-मार्गदर्शिकेत झाला, तोही मात्रा व कालमर्यादेसह. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या संदेशांत मात्र मात्रा नव्हती, काल नव्हता, प्रकृतिविचार तर नव्हताच. लोकांनी लिंबावरची वेल तोडली आणि महिनोन्महिने काढा घेतला.

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या जुलैमध्ये मंत्रालयाने पत्रक काढून गुडूचीचा यकृतविकाराशी संबंध जोडणे दिशाभूल करणारे असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. सेवनास आरंभ झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काल ४६ दिवसांचा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने पुन्हा खुलासा केला : गुडूची सुरक्षित आहे, मात्र टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वेलीशी तिची गल्लत होऊ शकते. या वेलीच्या खोडावर गाठी दाट असतात आणि तोडल्यास दुधाळ स्राव येतो.

या सर्व काळात आमच्या गटांत काय चालले होते? जुलैचे पत्रक विजयपत्रासारखे फिरले. ही विगृह्यसंभाषाच होती, आणि तीही प्रतिवादी समोर नसताना! पत्रक हे उत्तर असू शकेल, परंतु ते पुरावा नव्हे. समोरच्या पक्षाने रुग्ण मोजून मांडले होते. हजारो रुग्णांना गुडूची निर्धोकपणे दिल्याचा आमचा अनुभव खरा असेलही, पण त्याची मोजदाद कोणाकडेच नव्हती.

येथे आमची चूकही सांगणे प्राप्त आहे. त्याच सुमारास तालुक्यातील एक गृहस्थ कामलेची लक्षणे घेऊन आमच्याकडे आले. तीन महिने ताज्या वेलीचा काढा घेत होते. काढा थांबविला, रक्ततपासणी करून घेतली, पुढे पाठविले. ते बरे झाले. आम्ही गटात चार ओळी लिहिल्या, दहा-बारा अंगठे आले आणि विषय संपला. वेलीचा तुकडा आम्ही मागून घेतला नाही. ती गुडूची होती की क्रिस्पा, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

वास्तविक नोंदीची व्यवस्था तेव्हाही होती. आयुर्वेदीय औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रथम २००८ मध्ये जामनगर येथून सुरू झाला. पुढील योजनेत दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था हे राष्ट्रीय केंद्र ठरले आणि देशभर परिघीय केंद्रे नेमली गेली. ३० मे २०२५ पासून ‘आयुष सुरक्षा’ या संकेतस्थळावर भ्रामक जाहिरात आणि अनिष्ट परिणाम या दोहोंची तक्रार सामान्य नागरिकालाही करता येते. नोंद केली म्हणजे चिकित्सकाने दोष कबूल केला, असा समज आपल्यात आहे. तो निराधार आहे.

धोरणाच्या मसुद्यांचेही तसेच. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार कायदे व नियमांचे मसुदे किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. आपले गट मसुद्यावर पहिल्या दोन दिवसांत तावातावाने बोलतात आणि एकतिसाव्या दिवशी निषेध करतात. मधल्या काळात कलमाचा क्रमांक, हरकत, सुचविलेला पर्यायी मजकूर आणि आधार असा एक पानी अभिप्राय पाठविणे फारसे अवघड नाही. शंभर जणांनी एकच मजकूर पुढे ढकलण्यापेक्षा, दहा जणांनी आपापल्या चिकित्सालयातील नोंदी जोडलेल्या बऱ्या.

औषधालयचालकांकडे तर आम्हां चिकित्सकांपेक्षा अधिक माहिती असते. कोणते चूर्ण कोणत्या संदेशानंतर अचानक खपू लागले, हे त्यांनाच आधी कळते. २०२० मध्ये गुडूचीची मागणी वाढली तेव्हा कच्चा माल कोठून आला, याच्या नोंदी किती ठिकाणी राहिल्या? विक्रीपावतीवर उत्पादकाचे नाव व तुकडी क्रमांक असावा, आणि सुट्या काष्ठौषधींच्या प्रत्येक खरेदीतील मूठभर नमुना, तारीख व विक्रेत्याचे नाव लिहून, बंद पाकिटात वर्षभर ठेवावा. करमाळ्यातील आमच्या गटात आता अनुभव लिहिताना द्रव्य, मात्रा, अनुपान, सेवनकाल, सोबतची औषधे आणि परिणाम एवढे रकाने भरण्याचे ठरले आहे. पहिल्या दोन महिन्यांत सर्वाधिक रिकामा राहिलेला रकाना ‘सोबतची औषधे’ हा होता. रुग्ण मधुमेहाची गोळी आपल्यापासून लपवितो, की आपण विचारीतच नाही, याची चर्चा पुढील बैठकीत होईल.